घरोघरी एकच लक्ष्मी : चित्रांच्या आवृत्ती आणि लोकांची दृष्टी

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या गाभाऱ्यासमोर उभे राहिले असता जे दर्शन घडते ते काळ्या पाषाणातील मूर्तीचे. तिच्या चार हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र असून कमळ मात्र एकाही हातात नाही. असे असूनही तिच्या पिढीजात भक्ताला डोळे मिटून लक्ष्मीचे रूप आठवण्यास सांगावे, तर त्याच्या मनश्चक्षूंपुढे बहुधा निराळीच देवता उभी राहते: जलाशयातील कमळावर उभी, जरीकाठी साडी नेसलेली, वरच्या दोन हातांत कमळे धरलेली, गौरवर्णाची, आणि शेजारी सोंडेत माळ घेतलेला हत्ती. दिवाळीच्या लक्ष्मीपूजनात तो ज्या तसबिरीला हळदकुंकू वाहतो तीतही हीच देवी असते, दुकानाच्या गल्ल्यावर हीच असते, लग्नपत्रिकेच्या मथळ्यावरही हिचीच प्रतिकृती असते. ज्या क्षेत्रात शेकडो वर्षे एका विशिष्ट मूर्तीची अखंड उपासना चालत आली आहे त्या क्षेत्राच्या रहिवाशाच्या मनातही ही दुसरी प्रतिमा इतकी दृढमूल कशी झाली, हे कोडे वाटते तितके किरकोळ नाही. ते उकलताना छापील आवृत्तींनी कलाकृतींचे आणि त्या पाहणाऱ्या लोकांचे नेमके काय केले, हे पायरीपायरीने समजू शकते.

या प्रश्नावर दोन तयार उत्तरे ऐकू येतात. पहिले असे, की स्वस्त प्रतींमुळे कला सर्वसामान्यांच्या दारी पोहोचली आणि समाजाची अभिरुची उंचावली. दुसरे असे, की त्याच प्रतींमुळे अभिरुची सवंग झाली आणि मूळ कृतीचे माहात्म्य लोपले. दोन्हींत तथ्यांश आहे, परंतु दोन्ही उत्तरे छापखान्याच्या दाराबाहेर उभे राहून दिलेली आहेत. आपण आत शिरून पाहू.

शिळेवर चित्र कसे उमटते

अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डर नावाचा एक नाटककार राहत होता. आपली नाटके कमी खर्चात छापता यावीत या खटपटीत असताना 1796 च्या सुमारास त्याला शिळाछापाची युक्ती गवसली. त्या प्रांतातील सोल्नहोफेनच्या खाणींतून निघणारा गुळगुळीत, सूक्ष्म कणांचा चुनखडक हे या युक्तीचे मुख्य साधन. खिळ्यांच्या छपाईत अक्षर पृष्ठभागाच्या वर उठावलेले असते आणि उठावालाच शाई लागते. शिळाछापात मात्र पृष्ठभाग आरशासारखा सपाट राहतो, आणि छापावयाची जागा व कोरी जागा यांतील भेद केवळ स्निग्धता आणि पाणी यांच्या परस्परवैरावर उभा असतो. तुपाचा हात लागलेल्या पितळी ताटावर पाणी ओतले तर ते तुपाच्या ठिकाणाहून निसटून बाजूला होते, हे कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे; झेनेफेल्डरने त्याच गुणधर्माला छापखान्यात कामाला लावले.

कारागीर स्निग्ध खडूने किंवा स्निग्ध शाईने शिळेवर उलटे चित्र काढतो. मग डिंकाच्या पाण्यात थोडे आम्ल मिसळून ते शिळेवर फिरवले जाते; त्यामुळे चित्र दगडात पक्के बसते आणि उरलेली जागा पाणी धरून ठेवण्यास योग्य होते. शिळा ओली करून तिच्यावर तेलकट शाईचा रूळ फिरवला, की ओली जागा शाई नाकारते आणि रेखाटलेली जागा ती स्वीकारते. वर कागद ठेवून दाब दिला म्हणजे चित्र सुलटे होऊन कागदावर उतरते. एका शिळेतून अशा असंख्य प्रती निघतात, आणि काम संपल्यावर तीच शिळा घासून पुन्हा दुसऱ्या चित्राला वापरता येते.

रंगीत चित्राचा व्याप याहून पुष्कळ मोठा. तेथे प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा लागते. देवीच्या चेहऱ्यासाठीच फिकट पिवळा, गुलाबी, तपकिरी आणि करडा अशा निरनिराळ्या छटांच्या शिळा तयार कराव्या लागत, आणि तोच कागद एकामागून एक सर्व शिळांवरून जाई. कडेला केलेल्या खुणा प्रत्येक वेळी तंतोतंत जुळवाव्या लागत, कारण कागद किंचित जरी सरकला वा दमट हवेने ताणला गेला, तरी ओठांचा तांबडा रंग ओठांबाहेर पडे. सगळे रंग चढल्यानंतर प्रतीवर वार्निश देत आणि काही प्रतींवर कॅनव्हासच्या पोताचा ठसाही उठवीत, जेणेकरून ती तैलचित्रासारखी भासावी. म्हणून अशा प्रतीला ओलिओग्राफ म्हणजे तैलछाप हे नाव पडले.

या सर्व खटाटोपात एक गोष्ट सहज नजरेआड होते, आणि पुढील विवेचनाचा आधार तीच आहे. चित्रकाराचे तैलचित्र शिळेवर आपोआप उतरत नव्हते. चित्र पाहून कोणते रंग वेगळे काढावयाचे, कोणत्या छटा गाळावयाच्या, गालावरची छाया किती ठिपक्यांनी दाखवावयाची, याचा निर्णय शिळेवर बसलेला कारागीर घेत असे. तैलछाप ही एका अर्थी दुसऱ्या हाताने रचलेली कृतीच होय.

दिवाणांचा सल्ला आणि मळवलीचा छापखाना

महाराष्ट्रात चित्रे छापण्याचा उद्योग, या घरोघरच्या लक्ष्मीचा चित्रकार राजा रविवर्मा याच्या आधीच सुरू झाला होता. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनी 1878 साली पुण्यात चित्रशाळा स्थापन केली, आणि तेथून निघालेली देवादिकांची, शिवछत्रपतींची व पेशवाईतील पुरुषांची चित्रे घरोघर लागली. निबंधमालेच्या कर्त्याला केवळ शब्दांवर विसंबून न राहता चित्रांचाही छापखाना काढावासा वाटला, ही त्याच्या दूरदृष्टीची साक्ष मानली पाहिजे. आमच्या वाङ्मयेतिहासात या अंगाची दखल फारच ओझरती घेतली गेली आहे.

रविवर्मा (1848–1906) हा त्रावणकोरातील किळिमानूरचा. संस्थानिकांची व्यक्तिचित्रे आणि पुराणातील प्रसंग पाश्चात्य तैलरंगपद्धतीने रंगवून त्याने देशभर कीर्ती मिळवली, आणि त्याच्या चित्रांची मागणी इतकी वाढली, की ती एका माणसाच्या हातून पुरी होणे अशक्य झाले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तिन्ही संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव यांनी 1884 साली त्याला पत्राने सल्ला दिला, की काही निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या तैलछाप प्रती काढवाव्यात. त्याने कीर्तीही वाढेल आणि देशाची सेवाही घडेल. पुढे सयाजीराव गायकवाडांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी चौदा पौराणिक चित्रांचे काम त्याच्याकडे सोपवले. ती चित्रे राजवाड्यात जाण्यापूर्वी लोकांसाठी मांडण्यात आली, तेव्हा ती पाहण्यास प्रचंड गर्दी लोटली. ज्या जनतेला दरबारात पाऊल टाकण्याची मुभा नव्हती तिला या चित्रांची केवढी भूक आहे, हे चित्रकाराने त्या वेळी प्रत्यक्ष पाहिले.

अखेरीस युरोपात चित्रे पाठवण्याऐवजी युरोपातील यंत्रे आणि कारागीरच इकडे आणवण्याची तजवीज झाली, आणि 1894 साली मुंबईत छापखाना निघाला. शकुंतलेच्या जन्माचे चित्र हे त्याचे पहिले फळ. पुढे मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा छापखान्याचे बिऱ्हाड लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलवण्यात आले. तो चालवणे मात्र रविवर्म्याला आणि त्याचा धाकटा भाऊ राजा राजवर्मा याला झेपले नाही; विसाव्या शतकाच्या पहिल्याच वर्षांत कर्जाच्या भाराखाली त्यांनी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. विक्रीत केवळ यंत्रे गेली नाहीत, तर चित्रे छापण्याचे हक्कही गेले. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनी काही काळ याच छापखान्यासाठी काम केले होते, हे वाचकांना कदाचित ठाऊक असेल. चित्रकाराच्या मृत्यूनंतरही कित्येक दशके येथून प्रती निघत राहिल्या, आणि 1972 साली लागलेल्या आगीत या छापखान्याचा अंत झाला.

छापताना काय गळते

आता एखादी जुनी तैलछाप प्रत भिंगाखाली धरून पाहू. साध्या डोळ्यांना देवीचा गाल सलग, मुलायम, आतून उजळल्यासारखा दिसतो. भिंगातून पाहिले असता त्याच गालावर फिकट पिवळ्या थरावर गुलाबी आणि करड्या रंगांच्या ठिपक्यांची दाटी दिसते. ते हाताने दिलेले असल्यामुळे त्यांचे आकार सारखे नाहीत आणि त्यांच्या रांगाही सरळ नाहीत. हनुवटीच्या खाली, जेथे छाया गडद व्हावयाची, तेथे ते जवळजवळ आलेले आहेत, आणि कपाळाकडे विरळ होत गेले आहेत. ओठाच्या कडेशी तांबड्या रंगाची केसाएवढी रेघ बाहेर डोकावते, कारण त्या दिवशी त्या शिळेवर कागद किंचित सरकला होता. हे ठिपके देणारा कारागीर कोण होता, हे आज कोणीही सांगू शकणार नाही. परंतु लक्ष्मीच्या मुखावरील जे सौम्य तेज आपण चित्रकाराचे समजतो, त्यातला मोठा वाटा या अनाम हाताचा आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन.

याउलट मूळ तैलचित्रात काय असते? तेथे रंगाला जाडी असते. जरीच्या काठावर कुंचल्याने ठेवलेला रंगाचा उंचवटा बाजूने येणारा प्रकाश पकडतो आणि प्रेक्षक एक पाऊल सरकला की चमक जागा बदलते. पारदर्शक रंगाचे पातळ थर एकावर एक चढवलेले असल्यामुळे छायेलाही खोली असते. आणि मुख्य म्हणजे आकार असतो: दरबारी चित्रातील स्त्री जवळजवळ आपल्याएवढी असते, तिच्या समोर उभे राहताना आपल्या शरीरालाही तिच्या उपस्थितीची दखल घ्यावी लागते. हातभर कागदावर आलेली तीच स्त्री आपण वरून पाहतो, हातात धरून पाहतो, आणि पाहून बाजूला ठेवतो.

छपाईत मग काय शिल्लक राहते? कथा राहते, पात्र राहते, वेष, अलंकार, हावभाव राहतात. शकुंतला पायातला काटा काढण्याच्या मिषाने मागे वळून पाहते आहे, हे अत्यंत हीन प्रतीच्या छापातही कळते. परंतु तिच्या वळण्यातून पाठीच्या रेषेला आलेला ताण चित्रकाराने कोणत्या रंगात, किती संयमाने दाखवला आहे, हे तेथे कळणे दुरापास्त. येथेच या विषयाचे मर्म आहे. आवृत्तींनी आमच्या लोकांना चित्र पाहण्यास शिकवले यात शंका नाही, पण जे प्रतीत टिकत होते तेवढेच पाहण्यास शिकवले. चित्रासमोर उभा राहताच आमचा प्रेक्षक प्रथम विचारतो, हे कोण आणि हा कोणता प्रसंग. हे कसे रंगवले आहे, हा प्रश्न त्याच्या जिभेवर येतच नाही. चित्रप्रदर्शनांतून अमूर्त चित्रांपुढे जो गोंधळ आणि क्वचित जी चीड दिसते, तिचे एक मूळ मला या शंभराहून अधिक वर्षांच्या शिकवणुकीत दिसते. प्रेक्षकाला दोष देणे अन्यायाचे आहे. त्याच्या वाट्याला कुंचला कधी आलाच नाही, केवळ गोष्ट आली.

[चौकट : भिंग घेऊन छाप ओळखा
ठिपके अनियमित, वेगवेगळ्या आकारांचे, आणि अनेक रंगांचे स्पष्ट थर दिसत असतील, तर ती प्रत बहुधा हाताने केलेल्या शिळांवरची. ठिपके जाळीसारखे ठरावीक अंतरावर मांडलेले आणि केवळ लहानमोठे होत गेलेले असतील, तर ती छायाचित्रावरून केलेली हाफटोन पद्धतीची. तिच्यात पिवळा, किरमिजी, निळसर आणि काळा या चार रंगांच्या ठिपक्यांतून बाकीचे सर्व रंग डोळ्याला भासवले जातात. ठिपके मुळीच नसून रंगाचे उंचवटे आणि कुंचल्याच्या केसांच्या रेघा दिसत असतील, तर आपल्यापुढे हाताने रंगवलेले चित्र असण्याचा संभव आहे.]

ओळखीतून आवड निपजते काय?

मूळ कोड्याचा दुसरा भाग मनाच्या व्यापाराशी निगडित आहे. एखादी प्रतिमा वारंवार डोळ्यांखालून गेली, की ती आवडू लागते काय? 1968 साली रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने दाखवले, की अर्थहीन शब्द किंवा अपरिचित चिन्हे नुसती पुन्हा पुन्हा दाखवली, तरी माणसांचे त्यांच्याविषयीचे मत अनुकूल होत जाते. ओळखीच्या वस्तूचे मनाला भय नसते, तिचा अर्थ लावण्याचे श्रम कमी पडतात, आणि ही सुलभताच सुखासारखी जाणवते, असे याचे एक स्पष्टीकरण देतात.

चित्रकलेच्या बाबतीत याचा शोध अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे जेम्स कटिंग यांनी घेतला. गुस्ताव्ह कायबोत हा फ्रेंच चित्रकार 1894 साली वारला, तेव्हा त्याने आपल्या स्नेह्यांच्या, म्हणजे मोने, रेन्वार, सेझान प्रभृतींच्या चित्रांचा संग्रह फ्रेंच सरकारला मृत्युपत्राने दिला. सरकारने पुष्कळ काचकूच करून त्यातील काही चित्रे स्वीकारली आणि काही नाकारली. स्वीकारलेली चित्रे सार्वजनिक संग्रहालयात लागली, तेथून पुस्तकांत गेली, पुस्तकांतून पुढच्या पुस्तकांत गेली. कटिंग यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयातील पुस्तके चाळून प्रत्येक चित्र किती वेळा छापले गेले आहे ते मोजले, आणि मग एकाच चित्रकाराची दोन चित्रे शेजारी ठेवून विद्यार्थ्यांना आवड विचारली. जे अधिक वेळा छापले गेले होते ते अधिकांना आवडले, जरी ते पूर्वी पाहिल्याचे त्यांना क्वचितच आठवत होते. नंतर दुसऱ्या एका वर्गात त्यांनी कमी छापली गेलेली चित्रे व्याख्यानांच्या ओघात काही न बोलता पुन्हा पुन्हा दाखवली. सत्राअखेर पूर्वीची ती पसंती मावळलेली आढळली.

एवढ्यावर थांबलो तर सगळी अभिरुची म्हणजे केवळ सवय असा निष्कर्ष निघेल, आणि तो खरा नाही. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्लिश अभ्यासात हाच प्रयोग वेगळ्या रीतीने करण्यात आला. घराघरांत छापील प्रतींनी पोहोचलेला अमेरिकेचा टॉमस किंकेड आणि एकोणिसाव्या शतकातील इंग्लिश चित्रकार जॉन एव्हरेट मिले, या दोघांची चित्रे विद्यार्थ्यांना वारंवार दाखवली गेली. मिलेच्या चित्रांविषयीच्या आवडीत पुनःपुन्हा पाहण्याने फारसा फरक पडला नाही, पण किंकेडची चित्रे जितकी अधिक वेळा दिसली तितकी ती नावडती होत गेली. म्हणजे पुनरावृत्ती ही आंधळेपणाने आवड उत्पन्न करीत नाही. ती परीक्षेची संधीही देते. ज्या चित्रात पुन्हा पाहण्याजोगे काही असते ते टिकते, आणि ज्यात नसते त्याचा पोकळपणा उघड होतो.

रविवर्म्याच्या लक्ष्मीला शतकाहून अधिक काळ ही परीक्षा द्यावी लागली आहे. ती टिकली याचे श्रेय निव्वळ सवयीला देणे मला पटत नाही. तिच्या रचनेत एक अचूक समतोल आहे, तिच्या मुद्रेत वात्सल्य आणि अंतर यांचे मिश्रण आहे, आणि कोणत्याही प्रांतातील स्त्रीला आपली वाटावी अशी साडी तिला नेसवण्यात चित्रकाराची विलक्षण समज आहे.

प्रती निघाल्या म्हणून मूळ कृतीची ओढ घटते, हा समजही तपासून पाहावा. 1911 साली पॅरिसच्या लूव्ह्रमधून मोनालिसा चोरीला गेली, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी तिचे चित्र छापले, आणि ती जेथे टांगलेली असे ती रिकामी भिंत पाहण्यासाठीही लोक रांगा लावू लागले. चित्र 1913 च्या डिसेंबरात सापडले. तिची आजची अफाट कीर्ती मोठ्या प्रमाणात त्या दोन वर्षांतील आवृत्तींची निर्मिती होय.

निवड कोणी केली?

तेव्हा दोष आवृत्तीचा मानू नये. तो असेल तर निवडीच्या संकोचाचा आहे. कोणते चित्र शिळेवर चढवावे याचा निर्णय छापखान्याचा मालक घेत असे, आणि मागील वर्षी जे खपले तेच पुढील वर्षी छापणे हा व्यापाराचा स्वाभाविक नियम आहे. एका प्रतिमेच्या लाखो प्रती निघाल्या म्हणजे शेजारच्या दहा प्रतिमांची जागा ती एकटी व्यापते. सावंतवाडीजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी आपल्या पोथ्यांतून रामायण-महाभारत सांगत; त्या चित्रांतील राम एका बाजूने दिसणारा, टपोऱ्या डोळ्यांचा, ठाशीव रेषेत बांधलेला असे. त्या रामाला छापखान्यांच्या याद्यांत स्थान मिळाले नाही, आणि आज मराठी मुलाला तो राम दाखवला तर तो त्याला ओळखता येत नाही. कलकत्त्यात कालीघाटच्या पटुआंवर याहून कठोर प्रसंग गुदरला: त्यांच्या हातच्या पटांसारखी चित्रे जर्मनीत छापून स्वस्तात इकडे येऊ लागली, आणि 1930 च्या सुमारास तो धंदा जवळजवळ बसला.

रविवर्म्याच्या चित्रांवर सर्वांत तिखट टीका केली ती भगिनी निवेदिता आणि आनंद कुमारस्वामी यांनी. त्यांना ही चित्रे नाटकी आणि परकीय वळणाची वाटली, आणि त्यांनी अवनींद्रनाथ ठाकुरांच्या नव्या बंगाली शैलीचा पुरस्कार केला. पण ही नवी शैली लोकांपर्यंत पोहोचली कशी? रामानंद चट्टोपाध्यायांच्या ‘प्रवासी’ आणि ‘मॉडर्न रिव्ह्यू’ या मासिकांतील रंगीत पानांतून. उपेंद्रकिशोर रायांसारख्या तज्ज्ञाने हाफटोनचे तंत्र कलकत्त्यात परिणत केले होते म्हणून. एका आवृत्तीला विरोध करण्यासाठी दुसरी आवृत्तीच उपयोगी पडली. आमच्याकडेही चित्रशाळेने 1910 मध्ये ‘चित्रमय जगत्’ सुरू केले आणि काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजना’ने 1909 साली दिवाळी अंकाची प्रथा घातली, त्या प्रथेतूनच पुढे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची चित्रे मराठी मध्यमवर्गाच्या ओळखीची झाली. मासिकांचे एक मोठे पुण्य असे, की ती दरमहा नवे चित्र देत. भिंतीवरची तसबीर वर्षानुवर्षे तीच राहते.

देव्हाऱ्यातील प्रत

वाल्टर बेंजामिन या जर्मन विचारवंताने 1936 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे प्रतिपादिले, की यांत्रिक आवृत्तीमुळे कलाकृतीचे तेजोवलय क्षीण होते. मूळ कृती एका विशिष्ट स्थळी, एका विशिष्ट परंपरेत रुजलेली असते. प्रत मात्र कोठेही जाऊ शकते, आणि म्हणून पूजेची वस्तू असलेली कला केवळ प्रदर्शनाची वस्तू बनते. युरोपापुरते हे विवेचन मार्मिक आहे. हिंदुस्थानात मात्र प्रवाह उलट दिशेने वाहिला. राजवाड्याच्या दिवाणखान्यासाठी रंगवलेली, प्रदर्शनात मांडलेली शैली छापखान्यातून गेली आणि देव्हाऱ्यात जाऊन बसली. लोकांनी तिला काच आणि चौकट घातली, फुले वाहिली, गंध लावले. काही घरांत तर छापील देवीच्या साडीवर खऱ्या जरीचे तुकडे आणि टिकल्या चिकटवून तिला प्रत्यक्ष वस्त्रालंकार घालण्यात आले. सारख्याच हजार प्रतींतली एक प्रत अशा रीतीने त्या घराची एकमेव देवी झाली. छापखान्याने जे वलय काढून घेतले होते ते गृहिणीने नित्याच्या पूजेने परत दिले.

याची सामाजिक बाजू विसरणे कृतघ्नपणाचे होईल. ज्यांना देवळाच्या पायरीवर उभे राहण्यासही मज्जाव होता त्यांच्या घरी ही कागदी लक्ष्मी, हा कागदी विठोबा कोणाची परवानगी न विचारता आला, आणि त्याच्यापुढे दिवा लावण्यास कोणत्याही बडव्याचा हुकूम लागला नाही. केवळ चित्रकलेच्या निकषांवर तैलछापांना हिणवणाऱ्या समीक्षकांनी ही गोष्ट तराजूच्या दुसऱ्या पारड्यात घातल्याशिवाय निवाडा देऊ नये.

अजिंठ्याच्या नकला

प्रतींचे आणखी एक कार्य आहे, आणि त्याचे उदाहरण महाराष्ट्राच्याच भूमीवर आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला मेजर रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून पुढे वर्षानुवर्षे केल्या. त्यांतील बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला 1866 साली लागलेल्या आगीत जळून गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी 1872 पासून 1885 पर्यंत पुन्हा नकला केल्या, आणि त्यांतल्याही पुष्कळ लंडनमध्येच 1885 च्या आगीत नष्ट झाल्या. जे वाचले त्याच्या आधारे ग्रिफिथ्स यांचे सचित्र ग्रंथ 1896 पासून निघाले. त्यानंतर 1909 ते 1911 या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्या पथकाने, ज्यात नंदलाल बोसही होते, तिसऱ्यांदा काम केले. या अवधीत मूळ चित्रांची पडझड चालूच होती. तेव्हा आज भिंतीवर नसलेला एखादा चेहरा जुन्या पुस्तकातील छापावरूनच अभ्यासावा लागतो. परंतु याच प्रकरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: नकला करण्याच्या निमित्ताने मूळ चित्रांवर वार्निश चढवले गेले, ते कालांतराने पिवळट पडले, आणि मुळाचे रंग त्याखाली झाकोळले. प्रतीने मुळाचे जतनही केले आणि मुळाला इजाही पोहोचवली.

एवढे करायला हवे

सातारा जिल्ह्यातील औंध येथे तेथील अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1938 साली उभारलेले श्रीभवानी संग्रहालय आहे. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, आणि प्रजेला जगातील उत्तम कला पाहावयास मिळावी म्हणून त्यांनी मूळ चित्रांबरोबर युरोपीय कृतींच्या नकला आणि अजिंठ्याच्या प्रतिकृतीही तेथे मांडल्या. एकाच छताखाली रविवर्म्याचे खरे तैलचित्र आणि परदेशी चित्रांच्या नकला पाहता येतात अशी ठिकाणे आपल्याकडे फार थोडी आहेत. वाचकांनी सवड काढून तेथे जावे, आणि जाताना घरच्या तसबिरीचे रंग डोळ्यांत साठवून जावे. मूळ चित्रापुढे निदान काही मिनिटे कथा बाजूला ठेवून केवळ साडीच्या काठावरचा रंग, हाताच्या कडेवरची छाया आणि चित्राचा आकार न्याहाळावा.

आणि ज्यांच्या हाती शाळा आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. वर्गाच्या भिंतीवर वर्षभर एकच सरस्वती ठेवू नका. रविवर्म्याच्या वीणाधारिणीशेजारी एखाद्या प्राचीन पाषाणमूर्तीचे छायाचित्र लावा, पिंगुळीच्या पोथीतला राम लावा, अजिंठ्याचा पद्मपाणी लावा, आणि दर महिन्याला ती बदला. छपाई आज इतकी स्वस्त आहे, की या कामासाठी वेगळ्या निधीची किंवा सरकारी मंजुरीची गरज नाही. शिक्षकांनी मनावर घेतले तर येत्या सत्रापासूनच हे सुरू करता येईल.